चाकाखालचा दगड

आमच्या गाडीत प्रत्येकाला काम नेमून दिलेलं आहे. गाडी मी चालवतो. रस्ता सौ. पाहते, आणि तो आपण पाहत असल्याचं मला वेळोवेळी सांगतेही. मागच्या सीटवर जो कोणी असेल त्याच्या पायाशी एक दगड असतो. गाडी थांबली की त्याने आधी उतरायचं, दगड घेऊन मागच्या चाकाशी जायचं, तो टायरखाली सरकवायचा आणि ‘हं’ म्हणायचं. ‘हं’ ऐकू आलं की मी ब्रेकवरचा पाय काढतो. एकदा पुण्याच्या एका पाहुण्यांनी विचारलं, ‘हा दगड कसला हो?’ ‘हॅन्डब्रेक आहे,’ सौ.ने शांतपणे सांगितलं. पाहुणे महाड येईपर्यंत पुढे काही बोलले नाहीत. पाय तेवढे वर घेऊन बसले.

दगड साधासुधा नव्हे. पोलादपूरजवळ सावित्रीच्या पात्रातून पारखून आणलेला. नदीतले दगड गुळगुळीत असतात आणि गुळगुळीत दगड टायरखाली टिकत नाही, साबणाच्या वडीसारखा सटकतो. हा मात्र एका अंगाने चपटा आणि दुसऱ्या अंगाने उतरता, वरवंट्याच्या धाकट्या भावासारखा. तो मिळाला त्या दिवशी मला नवी बॅटरी बसवल्याइतका आनंद झाला होता. यावरून आमच्या हॅन्डब्रेकची अवस्था लक्षात यावी.

गाडी मारुती ८००. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती रस्त्यावर आली तेव्हा मी शाळेत शिकत होतो, आणि जानेवारी २०१४ मध्ये शेवटची कारखान्याबाहेर पडली तेव्हा शाळेत शिकवत होतो. आमची २००६ ची. पाटीवर एमएच-०६, म्हणजे रायगडची लेक. तिचा हॅन्डब्रेक नवेपणी सहा कटांत लागायचा. लिव्हर वर ओढताना जो ‘कट-कट-कट’ आवाज येतो तो मोजायची मला सवय आहे. सौ. कुकरच्या शिट्ट्या मोजते, मी हॅन्डब्रेकचे कट मोजतो. फरक एवढाच की तिच्या शिट्ट्या कायम तीनच राहिल्या. माझे कट वाढत गेले. सहाचे आठ झाले, आठाचे दहा, आणि गेल्या वर्षी तेरा. तेराव्या कटाला लिव्हर अशी उभी राहायची की पाहणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हरने शपथ घ्यायला हात वर केलाय.

एवढं होईपर्यंत तुम्ही काय करत होतात, असं कोणी विचारील. सवय करून घेत होतो. दहा कटांच्या सुमारास मी गाडी गिअरमध्ये ठेवून उभी करायला लागलो. अकराला उतारावर उभी करणं बंद केलं. बाराला दगड आला. प्रत्येक वेळी मला वाटलं, चला, प्रश्न मिटला. ब्रेक सोडून बाकी सगळं मी दुरुस्त करत होतो!

महाड गावाने मला यात फितुरीची साथ दिली. गाव नदीकाठचं, सपाट. बाजारपेठेत, चवदार तळ्याच्या आसपास, एसटी स्टँडवर कुठेही गाडी उभी करा, हॅन्डब्रेकची आठवणसुद्धा येत नाही. हॅन्डब्रेकची परीक्षा असते ती पोलादपूरकडे. तिथून एक वाट आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या कुशीतून महाबळेश्वरला चढते, दुसरी कशेडीने खेडात उतरते. कशेडीला आता बोगदा झाला, पण आमच्या सासुरवाडीला बोगदा होणार नाही. ती उमरठच्या बाजूला, तानाजी मालुसऱ्यांच्या मुलखात. त्या मुलखात सपाट अशी जागा दोनच ठिकाणी सापडते, एक भाताच्या खाचरात आणि दुसरी ताटात.

एका मे महिन्यात व्हायचं ते झालं. आम्ही सासुरवाडीला पोहोचलो आणि मागे हात घातला तर दगड नाही. महाडला गच्चीवर पापड वाळत घातले होते, वाऱ्याने चादर उडू नये म्हणून सौ.ने तो तिच्या कोपऱ्यावर ठेवला होता. ‘असू दे, दोन तासांचा तर प्रश्न,’ असं म्हणत मी लिव्हर तेरा कट ओढली. दगड नसल्याच्या गडबडीत गाडी गिअरमध्ये टाकायची राहिली. जेवणात आंबरस होता. दुसरी वाटी घेत असताना मेव्हणा अंगणाकडे बघत म्हणाला, ‘दाजी, तुम्ही कोणाला गाडी दिलीत का?’

मी बाहेर पाहिलं. गाडी चालली होती. घाई नाही, गोंधळ नाही. लग्नघरातून कोणाला न सांगता निघणाऱ्या म्हाताऱ्यासारखी ती अंगणाच्या उताराने मागे मागे निघाली होती. आम्ही हात धुवायच्या आत ती वैरणीच्या उडवीत शिरली आणि थांबली. नुकसान काहीच नाही. उडवी थोडी बसली, आणि शेजारच्या म्हशीने मान लांब करून टपावर पडलेल्या पेंढ्याचा पहिला घास घेतला. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. त्या ओट्यावरून म्हणाल्या, ‘जावईबापू, बैल असता तर निदान दावं लावता आलं असतं.’

ते वाक्य मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी महाडला येऊन मी पाना हातात घेतला.

हॅन्डब्रेकचं शास्त्र वरवर फार सोपं आहे. दोन पुढच्या सीटांच्या मध्ये लिव्हर. तिच्या बुडाशी दातेरी पट्टी आणि त्या दातांत अडकणारी खिटी. कट म्हणजे ती खिटी एकेक दात ओलांडते तो आवाज. लिव्हर ओढली की केबल ताणली जाते, केबल मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमपर्यंत जाते आणि आतले अर्धचंद्रासारखे दोन-दोन शू पसरून ड्रमला आतून घट्ट धरतात. पायाच्या ब्रेकमध्ये तेलाचा दाब असतो, इथे नुसती दोरीची ओढ. विहिरीच्या रहाटाला जेवढं तंत्रज्ञान असतं त्याहून फार जास्त नाही. लिव्हरचं रबरी कव्हर वर केलं की आट्यांचा एक दांडा दिसतो, त्यावर नट. तो पिळला की केबल ताणली जाते आणि कट कमी होतात. अडतीस वर्षं मुलांना सांगत आलो की गणिताचं उत्तर सोपं आलं तर पुन्हा तपासा. स्वतःवर वेळ आली तेव्हा मी तपासलं नाही.

नट पिळला. तेराचे सात झाले. मी सौ.ला बोलावून सात कट ऐकवले. तिने कुकरच्या वेळी देते तेवढंच लक्ष दिलं. त्या आठवड्यात मी गाडी मुद्दाम जास्त फिरवली. एमआयडीसीपर्यंत जाऊन आलो, रायगडाच्या पायथ्याशी जाऊन आलो. परत येताना काहीतरी करपल्याचा वास यायला लागला. सौ. म्हणाली, घरी दूध ठेवून आलो का? घरी येऊन उतरलो आणि मागच्या चाकाला हात लावला, तर चटकाच बसला. चाकावर भाकरी भाजता आली असती.

आता भाचा आला. म्हणजे मेव्हण्याचा मुलगा, सौ.चा भाचा. आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्वी मी त्याला सुट्टीत अपूर्णांक शिकवायचो, आणि तो ते अपूर्णच ठेवायचा. त्याने गाडीखाली डोकं घातलं, चाक हाताने फिरवून पाहिलं. फिरेना.

‘मामा,’ तो म्हणाला, ‘तुम्ही ब्रेक दुरुस्त नाही केलात. लावून ठेवलात.’

मग अपूर्णांकांच्या हिशेबाची सव्याज परतफेड झाली. हॅन्डब्रेक ढिला होतो तेव्हा केबल लांबलेली असते हे खरं. पण बरेचदा रोग दुसऱ्या टोकाला असतो. शूवरचं लायनर झिजतं, तेवढं ड्रमपासूनचं अंतर वाढतं. ते अंतर आपोआप भरून काढणारी एक दातेरी पट्टी ड्रमच्या आत असते. ती जाम झाली की सगळा भार केबलवर येतो. कधी व्हील सिलिंडरमधून तेल झिरपून लायनरवर येतं आणि ब्रेक नुसता घसरतो. म्हणून आधी ड्रम उघडायचा, आत पाहायचं, शू ठीक करायचे आणि केबलला हात सगळ्यात शेवटी लावायचा. सरळ केबल पिळली की लिव्हर खूश होते आणि चाक रडतं. ‘आपण ऐकतो इथला आवाज,’ लिव्हरवर टिचकी मारत तो म्हणाला, ‘आणि दुखणं असतं तिथे.’

मी त्याला म्हटलं, हे वाक्य वहीत लिहून ठेव. तो म्हणाला, तुम्हीच लिहा.

पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड लावून (आमच्या दगडाला त्या दिवशी तीन मदतनीस मिळाले) आम्ही मागचं चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावला. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही हा आयटीआयचा पहिला धडा, आणि माझ्या मते एकूणच पहिला धडा. हॅन्डब्रेक पूर्ण सोडला. चाकाच्या मधली टोपी, स्प्लिट पिन, मोठा नट, असं करत ड्रमपर्यंत पोहोचलो. ड्रम निघेना. लाकडाचा ठोकळा आडवा धरून भाच्याने चहूबाजूंनी हातोडी मारली, आणि बऱ्याच वेळाने तो ‘भस्स’ करून बाहेर आला. त्याच्याबरोबर जमिनीवर मूठभर माती पडली.

धूळ नव्हे, माती. तांबूस-करडी, रांगोळीसारखी बारीक. लायनरच्या काळ्या भुकटीत मिसळलेली, शूच्या मागच्या खोबणीत थर धरून बसलेली. भाचा फुंकर मारणार होता, तेवढ्यात स्वतःच थांबला. जुन्या लायनरची धूळ फुफ्फुसाला वाईट, ओल्या फडक्यानेच पुसायची. त्याने ओलं फडकं फिरवलं आणि मातीचा वास आला. तो वास महाडात कोणालाही ओळखता येईल. पुराचा वास.

२२ जुलै २०२१. त्या पुरात गाडी दारातच उभी होती. आरसीला पंधरा वर्षं पुरी झाली म्हणून नुकतंच नूतनीकरण करून घेतलं होतं, पुढची पाच वर्षं गाडी चालवायला सरकारची हरकत नव्हती. नदीने मात्र हरकत घेतली. आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून पाहत होतो. आधी चाकं दिसेनाशी झाली, मग दिवे, मग टप. पाणी ओसरल्यावर गावभर गुडघाभर चिखल. त्याच दिवशी तालुक्यात तळियेवर दरड कोसळली होती. त्यामुळे ‘आमची गाडी भिजली’ असं म्हणायला जीभ रेटत नव्हती. आम्ही गुपचूप चिखल काढला. इंजिन उघडून साफ करून घेतलं, तेल बदललं, सीट गच्चीवर वाळवल्या. गाडी सुरू झाली तेव्हा सगळ्यांना भरून आलं. चालते म्हणजे झालं, असं म्हणालो. थांबते का, हे कोणी पाहिलं नाही.

आणि ती माती चार वर्षं आत बसून होती. लायनर कुरतडत, केबलच्या नळीत गंज धरवत, दर वर्षी एखादा कट वाढवत.

मी चिमूटभर माती तळहातावर घेतली. सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, साडेचार हजार फुटांवर. तिथून ती पश्चिमेकडे कडे उतरत पोलादपूरला येते आणि मग महाडला. गांधारी येते रायगडाकडून. महाडला दोघी भेटतात आणि पुढे बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळतात. म्हणजे माझ्या ड्रममध्ये काही कण महाबळेश्वरचे होते आणि काही रायगडच्या पायथ्याचे. आंबेनळीच्या ज्या घाटात मी पहिल्या गिअरमध्ये जीव मुठीत धरून गाडी चालवतो, तोच डोंगर ही माती कुठल्याही ब्रेकशिवाय उतरून आली होती. आणि शेवटी येऊन थांबली कुठे, तर ब्रेकमध्ये!

भाचा म्हणाला, ‘मामा, ती टाका आणि पाना द्या.’

दोन्ही चाकांचे शू नवे घातले. एकाच चाकाचे बदलले तर गाडी एका अंगाला ओढते, म्हणून हे काम जोडीनेच करायचं असतं. ड्रम आतून पॉलिश पेपरने घासला. जाम झालेली दातेरी पट्टी मोकळी केली. केबल मात्र काही केल्या नळीत सरकेना. शेवटी नवी आणली. जुनी मी हातात घेऊन वाकवली तेव्हा ती कटकट वाजली. इतकी वर्षं मी मोजत होतो त्यातले काही कट बहुधा तिचेच असावेत. नवी स्प्लिट पिन घालून सगळं बंद केलं. आधी पायाचा ब्रेक पंधरा-वीस वेळा दाबला, म्हणजे शू आपल्या जागी बसतात. मग लिव्हरखालचा नट, अर्धा-अर्धा आटा. लिव्हर खाली असताना चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे आणि वर असताना दोघांनी जोर लावला तरी हललं नाही पाहिजे. सहा कटांवर दोन्ही जमलं. मी तीनदा मोजले. सहाच. एकोणीस वर्षांपूर्वीचे सहा.

त्या रात्री मला जरा चुकल्यासारखं वाटलं. दुरुस्ती अडीच-तीन तासांत झाली होती. न केलेल्या दुरुस्तीभोवती मात्र आम्ही चार वर्षं एक आख्खं घर उभं केलं होतं. गाडी कुठे लावायची त्याचे नियम, कोण आधी उतरणार त्याचे मानपान, ‘हं’ कोणी म्हणायचं त्याचे वाद. आपल्याकडे हे सगळीकडेच चालतं म्हणा. आमच्या दारावरच्या मुंबई-गोवा हायवेचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा जन्मलेली पोरं आता मिसरूड फुटायच्या वयाची झाली, आणि त्यांना रस्ता म्हणजे वळसा असंच वाटतं. कुठला खड्डा डावीकडून घ्यायचा हे इथल्या रिक्षावाल्याला पाढ्यासारखं पाठ असतं. आम्ही त्याला कौशल्य म्हणतो. पण या सवयीची मला भीतीही वाटते. सावित्रीवरच्या ब्रिटिशकालीन पुलाचीही आम्हाला सवय झाली होती. रोज त्यावरून जात होतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो गेला, आणि त्याच्याबरोबर दोन एसटी गाड्या, त्यातली माणसं. वर्षाच्या आत नवा पूल उभा राहिला. त्यावरून जाताना मी अजूनही बोलणं थांबवतो. आपण ज्याला सवय म्हणतो ती कितव्या कटाला ढिलाई होते, हे मोजणारं कोणीतरी हवं.

राहता राहिला दगड. तो आता बेकार झाला. भाच्याचं मत पडलं की टाकून द्यावा, मात्र रस्त्यावर नाही. घाटात ट्रक बंद पडला की क्लीनर चाकांना दगड लावतो आणि ट्रक निघाला की दगड तिथेच राहतात, मग रात्री मोटरसायकलवाल्यांच्या जिवावर बेततात. मी दगडाची बाजू मांडली. म्हटलं, पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस उभी राहते. तेव्हा हॅन्डब्रेक लावून ठेवला तर ओलं लायनर ड्रमला चिकटून बसतं. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. गिअर आणि दगड हाच उपाय. शिवाय कायदाही दगडाच्या बाजूने आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं १२६ वं कलम सांगतं की ड्रायव्हर नसताना सार्वजनिक जागी गाडी उभी करायची तर इंजिन बंद करून ब्रेक लावा, किंवा गाडी आपोआप चालू लागणार नाही असे इतर उपाय करा. इतर उपाय म्हणजे दुसरं काय? भाचा म्हणाला, ‘मामा, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.’ सौ. म्हणाली, ‘दगड मला द्या.’ आणि तिने तो धुऊन, पुसून, कैरीच्या लोणच्याच्या बरणीवर दाब म्हणून आईकडे पाठवून दिला.

पुढच्या खेपेला आम्ही सासुरवाडीला गेलो. अंगणाच्या त्याच उतारावर मी गाडी उभी केली. लिव्हर ओढली. सहा. गिअरही टाकला, कारण शिकलेला धडा मी विसरत नाही. मागून कोणी ‘हं’ म्हणालं नाही. मी पाय काढला. गाडी हलली नाही. दार उघडून उतरलो, दोन पावलं गेलो, वळून पाहिलं. उभी होती.

जेवायला बसलो, तर सगळ्यांची ताटं अंगणाकडे तोंड करून मांडलेली. एरवी आम्ही देवघराकडे तोंड करून बसतो. मेव्हणा घास घ्यायचा आणि बाहेर पाहायचा. सौ. वाढताना दारातून वाकून जायची. भाचा, ज्याने स्वतःच्या हाताने नट पिळला होता, तोही वरणभात कालवता कालवता चाकांकडे नजर टाकत होता. म्हैससुद्धा गाडीकडे पाहत होती. तिची आशा वेगळी होती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. आत गेल्या. लोणच्याच्या बरणीवरचा दगड पदराने पुसत बाहेर आल्या, पायऱ्या सावकाश उतरल्या, मागच्या चाकाशी वाकल्या आणि तो बरोबर चपट्या अंगाने टायरखाली सरकवला.

‘सासूबाई, दुरुस्त झालाय हो ब्रेक,’ मी ताटावरून म्हटलं.

‘झालाच असेल,’ त्या म्हणाल्या. ‘तुमचा ब्रेक तुम्हाला. हा आमच्या जेवणासाठी.’

आणि मग सगळे शांतपणे जेवले. मीही आंबरसाची दुसरी वाटी घेतली. सहा कट गाडीचे, सातवा सासूबाईंचा.